घडी

वेंकटगिरीच्या बसस्टँडमागं माझी टपरी.
पेंचलय्या म्हणतात मला. धुणं, खळ, इस्त्री.
चाळीस वर्षं या गावातल्या साड्या
त्यांच्या बायकांपेक्षा मला जास्त ओळखतात.

शंभर नंबरी सूत, काठाला जर,
पदरावर एखादा पोपट.
हातात घ्या, वजन असं काही नाहीच.
काठ तेवढा मनगटाला सांगतो, मी आहे.

जरीला पाण्याचं वावडं नाही, घाईचं आहे.
रिठ्याचं कोमट पाणी. पिळायचं नाही,
तापल्या पोराच्या कपाळावरची पट्टी दाबतात
तसं नुसतं दाबायचं.
खळ पातळ, भाताच्या पेजेची, फडक्यातून गाळलेली.
एक शीत राहिलं तर झुरळ येतं,
आणि मग नाव कुणाचं निघतं? माझं.
वाळवण सावलीत. इस्त्री उलट्या बाजूनं,
काठावर मलमल टाकून.
अत्तर लांब. डांबराच्या गोळ्या कपाटात नकोतच,
एका पावसाळ्यात जर काळवंडते,
मग सोनाराची सून असो की रेड्डींची.

आणि महिन्याकाठी घडी बदला.
एकाच रेषेवर दुमडत राहिली की
जर तिथंच तुटते.
माणसांचंही… असू दे. मी साड्यांचं बोलतोय.

परवा नेल्लूरहून कोटय्याची नात आली,
साडी शर्टावर नेसलेली, कमरेला चामड्याचा पट्टा.
पारावरचे म्हातारे हसले. मी निऱ्या पाहिल्या.
सातही सारख्या, काठ पावलाला टेकलेला.
म्हटलं, बक्कल तेवढं जरीपासून दूर ठेव, पोरी.

एक साडी मात्र न्यायला कुणी आलंच नाही.
राज्यम टीचरची. सायीच्या रंगाची, तांबडा काठ,
जर खरी, चांदीची.
पोलेरम्माच्या जत्रेआधी चार दिवस दिली,
म्हणाल्या, कोरीच आहे, थोडी खळ घाल.
मग बदली झाली, की आणखी काही. घराला कुलूप.
एकवीस वर्षं, दर अमावास्येला,
मी ती उलगडली, नव्या रेषेवर दुमडली.
घडी बदलली. मोडली नाही.

मस्तानम्मा विचारायची, जत्रेला एकदा नेसू?
मी म्हणायचो, गिऱ्हाइकाची आहे.
वर्षातून एकदाच विचारायची.
एका वर्षी विचारलं नाही.
मला वाटलं, समजली.

तिला जाऊन दोन पावसाळे झाले.
या अमावास्येला साडी पसरली, उजेड तिरपा होता,
आणि निऱ्या खोचतात तिथं, आतल्या अंगाला,
हळदीची दोन बोटं.
घाईनं चोळून सोडून दिलेली,
भांड्यांच्या साबणानं.
इस्त्रीवाल्याची बायको, आणि भांड्यांचा साबण!
एकवीस वर्षं मी काठच बघत आलो.

हळदीचं सोपं असतं.
रिठा नको, लिंबू नको,
दोन दिवस उन्हात टाकली की आपसूक उडते.

साडी सावलीत ठेवली आहे.
राज्यम टीचर आल्याच कधी, तर सांगेन,
बाई, घडी मोडली गेली.
धुलाईचे पैसे नकोत.