आडवे अकरा

यल्लाप्पा कंग्राळकरांचं कोडं शुक्रवारी येतं,
चौकटीच्या वहीचं पान, काळी घरं शिसपेन्सिलीनं घोटलेली,
सोबत उत्तरांची चिठ्ठी, चार घड्यांची.
मी तपासते. शाई लाल. पगार नाही,
दिवाळीला एक डबा कुंदा.

या खेपेला वर विषय लिहिलाय:
नाव आठवत नाही त्या वस्तूंना म्हणायचे शब्द.

'अमुक' आडवा, 'तमुक' उभा,
दोघं 'मु'पाशी एकमेकांना छेदतात.
हे झकास. समासात खूण केली.
'जिन्नस', तीन घरं, जोडाक्षर एकाच घरात, बरोबर.
'फलाणं' चालेल.
'काहीबाही'तले दोन 'ही'
खालच्या दोन शब्दांना हात देऊन उभे, तेही छान.
उभे सहा मात्र कमकुवत:
बुटाच्या नाडीच्या टोकाचं ते प्लास्टिक. उत्तर 'टोपण'.
टोपण पेनाला असतं. मी लिहिलं, ओढूनताणून.
उभे आठ, दोन घरं, 'अदु'.
कानडी आहे म्हणून गोल केला,
मग खोडला.
सकाळीच बसव्वाच्या पाटीतल्या कुठल्याशा पाल्याकडे बोट करून
मी हेच म्हणाले होते,
आणि जुडी मिळाली होती.

चाळीस वर्षं हा माणूस गणपत गल्लीत
हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला होता.
ते द्या हो, ते, ज्याच्यात हे बसतं.
एन अंतार्री अदक्क, सण्णदु, गुंडगं.
खानापूरकडचा कुणी: तें गा, कितें म्हणटात ताका.
कॅम्पातला पोरगा: अंकल, वो वाला.
हवेत फिरणारी बोटं, वळणारं मनगट,
अंगठ्यानं दाखवलेली जाडी.
आणि हा मागच्या खणातून
नेमका तोच वॉशर काढून
रद्दीच्या पुडीत बांधणार.

आडवे अकरा.
चार घरं. बस थांबते ते गाव. पाटी बघू नये.

बे. ळ. गा.
तीन घरं भरली, खालून-वरून शब्दांनी धरलेली.
चौथ्याच्या वर काळं घर, चौथ्याच्या खाली काळं घर.
'व' लिहा, बसतं. 'वी' लिहा, तेही बसतं.
कुठलाच उभा शब्द
साक्षीला येत नाही.

कोड्यातला हा दोष आहे.
प्रत्येक घर दोन बाजूंनी सापडलं पाहिजे,
मीच त्यांना हे तीनदा कळवलंय.

चिठ्ठी उलगडली.
तिथं चौथं घर रबरानं इतकं घासलंय
की कागद पातळ झालाय,
उजेडाला धरला तर पलीकडची ट्यूबलाइट दिसते.

फोन लावला. मागे कुकर, कुणाचं तरी पोर.
"अकराचं उत्तर काय धरायचं?"
"काय आलंय तुमचं?"
"दोन्ही."
थोडा वेळ नुसता कुकरच.
"गिऱ्हाइकाला नाव इचारू नये बाई,
नाव इचारलं की त्ये दुसऱ्या दुकानात जातंय.
हात बघायचा."

बक्षीस तिघांना आहे, पन्नास-पन्नास रुपये,
पहिली अचूक उत्तरं.
अचूक कोण, हे सोमवारी मलाच ठरवायचंय,
पाकिटं माझ्याच टेबलावर येतात.

प्रेसचा पोरगा जिन्यात उभा आहे,
दाराशी हॉर्न वाजवून आलाय.
मी शेरा लिहिला:
उभे सहा बदलावे.
बाकी छापायला हरकत नाही.
आणि पान घडी करताना
लाल पेनाचं ते, ते हे,
खिशाला अडकवायचं,
मोडून हातात आलं.