चार टांगा

पणजोबाचा कागद घेऊन पणजीला आलो.
प्लास्टिकच्या पिशवीत, आत डांबराची एक गोळी,
वर भावाची ताकीद : बसमध्ये मांडीवर धर.

एवारिस्तबाब आता कोर्टापाशी बसत नाहीत.
म्युनिसिपालिटीच्या बागेत, बँडस्टँडच्या मागचा बाक,
दहा ते एक. पानाला दोनशे,
शिक्का असेल तर पन्नास वर.

बँडस्टँडवर कुणी वाजवत नव्हतं.
एक मुलगा कठड्यावर पाव ठेवून
त्यातली भाजी तेवढी खात होता.
माळी नळीनं पाणी मारत होता
झाडांना कमी, फरश्यांना जास्त.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद नाकाशी नेला. वाचलं :
रोगुं कांदेपारकार.
आमचं नाव त्या भाषेत सर्दी झाल्यासारखं येतं.

मी म्हटलं, जमीन किती?
ते म्हणाले, थांब.
मग हसले, मग हसू आवरून
अव्वल कारकुनाच्या आवाजात सांगितलं :
सदर इसम, या बागेचा माळी,
यानं परवानगीवाचून एका झाडाची फांदी
कलमासाठी गावी नेली.
दंड, चार टांगा. पगारातून.

तीन पिढ्या आम्ही हा कागद
देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवला.
चवथीला त्याला हळदकुंकू लावलं.

कुठलं झाड? मी विचारलं.
नाव शाईत बुडालंय, म्हणाले,
आणि छत्रीच्या टोकानं जागा दाखवली :
विटांचं एक गोल आळं,
आत क्रोटन, प्लास्टिकचं हरीण,
आणि दिवसाही चालू राहिलेली निळी माळ.
कधीतरी वादळात गेलं. मी लहान होतो, म्हणाले.
फुलं संध्याकाळी पडायची. वास
जरासा जायफळासारखा.

मला तो वास माहीत होता.
आमच्या गोठ्यामागं तो उभा आहे,
आई त्याला फिरंगीण म्हणायची,
म्हशी त्याला अंग घासतात.
गाडीच्या शेडसाठी येत्या सोमवारी
करवतवाला सांगून ठेवलाय.

दोनशे दिले. शिक्क्याचे पन्नास त्यांनी घेतले नाहीत.
कागद पुन्हा पिशवीत, गोळीसकट.

भावाचा फोन आला, मिळाली का जमीन?
मी म्हटलं, करवतवाल्याला नको सांग.
आणि चार टांगा म्हणजे आजचे किती,
ते जरा बघून ठेव.