चार मिनिटं

हिस्टोरियन म्हणतात त्याला.
आईला सांगताना मी कारकून म्हणते:
नंदेसरीच्या कारखान्यात, मागच्या खोलीत
अठरा वर्षं बसून आहे,
दर सेकंदाला तापमान, दाब, पातळी विचारतो
आणि फरक पडला तरच लिहितो.
आई म्हणाली, म्हणजे तुझा मामाच.

आज त्याची बदली.
नवा सर्व्हर रॅकमध्ये, अंगावरचं प्लास्टिक अजून अर्धं तसंच,
जुना खाली, पंख्याला दमा,
मध्ये एक पिवळी केबल.
तीन हजार एकशे बेचाळीस टॅग.
पडद्यावरची हिरवी पट्टी नऊला निघाली
ती अकरा वाजले तरी दोन हजार नऊ सालातच.

हितेंद्र सेव-उसळ घेऊन आला,
रस्सा पिशवीत, पाव कागदात.
"जेम छे तेम, बेन," म्हणाला.
वरचा हुकूमही तोच: जसं आहे तसं न्यायचं.
भंगारात गेलेल्या बॉयलरचे आकडेसुद्धा,
वायर तुटल्यापासून उणे नऊशे नव्याण्णव
ओरडत बसलेला तो गेजसुद्धा.

मग दोन हजार अकरा, ऑक्टोबरची बावीस.
दुपारी तीन दहा ते तीन चौदा
एकाही टॅगवर एकही आकडा नाही.
वीज गेली असेल, म्हटलं.
पण तीन नंबरची टाकी रिकामी होत होती त्या दुपारी,
मिनिटाला एक टक्का,
आणि भेगेच्या अलीकडे बासष्ट,
पलीकडेही बासष्ट.

चार मिनिटं गेलीच नव्हती.
कुणीतरी गुपचूप घड्याळ पुढे केलं होतं.

मी पाव खाली ठेवला.

त्याआधी अकरा दिवसांची रात्र
आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.
रिॲक्टर दोन. तापमानाने लाल रेघ ओलांडली
दोन सतराला. हे कारकुनाने लिहिलेलं.
व्हॉल्व्ह हाताने बंद केला
दोन एकवीसला. हे रंगनाथ खानविलकरांनी,
मनगटावरचं घड्याळ बघून, लॉगबुकात,
भाजलेल्या बोटांनी.
चौकशीत दोन कागद शेजारी ठेवले.
वजाबाकी सोपी होती.
चार मिनिटं कुठे होतात?
ते म्हणाले, धावत होतो.
इतकंच म्हणाले, असं सांगतात.

कॅन्टीनमध्ये त्यांचं नावच पडलं, चार-मिनिट.
मी तेव्हा ट्रेनी.
मीही हसले होते.

दुरुस्त करणं अवघड नाही, एका ओळीचं काम:
त्या दुपारच्या आधीचं सगळं पुढे सरकवा.
पण घड्याळ एका दिवसात मागे पडलं नसणार.
थोडं थोडं, चार वर्षं,
अकरा दिवसांत फार तर दोन सेकंद.
मग दोन हजार सातचे आकडे
मी कुठल्या हिशोबाने ढकलू?
एका माणसाला न्याय द्यायला
किती हजार खरे आकडे खोटे करू?

जसं होतं तसं नेलं.
फक्त प्रत्येक आकड्यामागे शेऱ्याची एक जागा असते,
अठरा वर्षांत कुणी शिवलेली नाही.
दोन सतराच्या मागे मी लिहिलं:
हे घड्याळ चार मिनिटं मागे होतं. २२ तारखेची भेग पाहा.
खानविलकरांनी उशीर केला नव्हता.
खाली माझं नाव.
जुन्याने याचे नुसते चौकोन केले असते.
नव्याला देवनागरी येते.

पहाटे पट्टी टोकाला लागली.
जुना बंद केला.
पंखा लगेच थांबला नाही, फिरत राहिला,
घर्र, घर्र, मग नुसती हवा.
हितेंद्रने हात जोडल्यासारखं केलं आणि जांभई दिली.

"घर समाला ना तुमचं?"
हो, म्हटलं,
आणि स्कूटर प्रतापनगरकडे वळवली.
रेल्वे कॉलनीच्या मागे कुठेतरी राहतात म्हणे.
रविवार, साडेसहा, चहावाला स्टोव्हला पंप मारतोय.
त्याला विचारायचंय.
या वेळी नावाने.