बर्फाची जाडी

एइनो रांताला, तुझा कागद मीच केला होता,
कागद गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथल्या खिडकीतून ओंडक्यांचा डोंगर दिसायचा
आणि गंधकाचा वास कपड्यांसोबत घरी यायचा.
पैशाचा वास, म्हणायचे सगळे.
मीही म्हणायचे.

वय छप्पन्न. नोकरी एकोणतीस.
बेरीज पंच्याऐंशी भरली की दार उघडतं,
पाढ्यासारखा सोपा नियम.
तू टोपी मांडीवर धरून बसला होतास,
तीन नंबरच्या मशीननं नेलेलं अर्धं बोट
टोपीखाली लपवून,
आणि विचारलंस, हे पक्कं का?

मी पेन्सिल ठेवली, पेन घेतलं.
महिन्याला दोन हजार तीनशे चाळीस,
वर पासष्टपर्यंत सहाशे.
त्या सहाशेला आम्ही 'पूल' म्हणायचो:
अलीकडच्या काठाला पगार,
पलीकडे सरकारी पेन्शन,
मधे कंपनी, खांदा देऊन उभी.
आकड्याखाली मी दोन रेघा मारल्या.
एक पुरली असती.

तळ्याकाठची खोली, तिच्या सौनाला नवी चूल,
मर्टलचा गुडघा,
भावाकडून अर्ध्या किमतीत मिळणारं बोटीचं इंजिन.
एवढीच तुझी बेगमी.
कुणाचे उपकार नव्हते त्यात.
सत्त्याऐंशीच्या संपात तासाला चाळीस सेंट सोडले होते तुम्ही,
म्हातारपणी परत घेऊ म्हणून.
तो पगारच होता, उशिरा मिळायचा.

अकरा महिन्यांनी
कंपनीनं कोर्टाकडे संरक्षण मागितलं.
कुणापासून, ते पत्रात नव्हतं.
मी तीनदा वाचलं, तेव्हा कळलं:
आपल्यापासून.

फिनिश हॉलमध्ये सभा झाली.
टोरांटोहून आलेली हिशेबनीस पोरगेली होती,
सर्दीनं बेजार.
शिंकली की सॉरी म्हणायची,
बाकी कशाला नाही.
शंभराला एकाहत्तर, ती म्हणाली.
मागच्या रांगेत कुणीतरी विचारलं, एकाहत्तर काय?
पूल सगळ्यात आधी गेला.

आता तू रात्री शाळेच्या आवारातला बर्फ लोटतोस,
एकोणसाठाव्या वर्षी,
दुसऱ्याच्या ट्रकवर.
मर्टल जिना बसून उतरते.
दुकानात मी तुला दोनदा टाळलं.
माझेही एकाहत्तरच झाले, हे खरं,
पण ते सांगत फिरण्यासारखं नाही.

जानेवारीत शेवटी तळ्यावर आले.
तू लांबवर वाकून भोक पाडत होतास,
पन्नास पावलं, एक भोक, त्यात पट्टी,
पुन्हा पन्नास पावलं.
माणसाला चार इंच लागतात,
ट्रकला बारा, नवा काळा बर्फ असेल तर.
सख्ख्या भावाच्या शब्दावरही
तू कधी बर्फावर पाय टाकला नाहीस.
माझ्या टेबलासमोर मात्र
निर्धास्त चालत आलास.

थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून दिलीस.
म्हणालास, डोरीन, पट्टी तुझ्याकडे तरी कुठे होती.

होती, एइनो.
दर जूनमध्ये यायची.
निळ्या पुठ्ठ्याचा अहवाल,
पान त्रेचाळीस, खालून दुसरी ओळ:
एक वर्षी अठ्ठ्याऐंशी, मग ब्याऐंशी,
तुझ्या वर्षी शहात्तर.
मी तारखेचा शिक्का मारून
कपाटात जागच्या जागी लावायचे.
कपाट फार नीट होतं माझं.

वारा होता. तुला ऐकू आलं की नाही, कळलं नाही.
तू ड्रिलच्या पात्यावरचा भुगा झटकलास,
पुढच्या भोकात पट्टी घातलीस, काढलीस.
चौदा, म्हणालास.

पक्कं का?
माझ्या तोंडून निघून गेलं.

तू वर पाहिलं नाहीस.
ओली पट्टी माझ्यापुढे धरलीस.
भोक अरुंद होतं,
उभ्यानं दिसण्यासारखं नव्हतं.
मी गुडघे टेकले.