दोन माणसांची रुंदी

लग्नाला सव्वीस वर्षं झाली
आणि तुझी पाठ मला तोंडपाठ आहे.
करावे गावच्या आमच्या गल्लीत दोघं शेजारी मावत नाहीत,
मावले असते तरी तू पुढेच गेला असतास.
तुझे बाबा असेच चालायचे, खांद्यावर जाळं,
आणि आई मागे, डोक्यावर पाटी.
जाळं गेलं, खाडीवर भराव पडला,
साडेबारा टक्क्यांतला प्लॉट आला,
चालायची रीत तेवढी उरली.

मग तेजलने चार रात्रींचं बुकिंग केलं.
कोपनहेगन.
"तिथे गाडी लागत नाही बाबा, सगळं पायी."
तू म्हणालास, पायी चालायला एवढ्या लांब?
पायी तर उरणलाही जाता येतं.

पहिल्या सकाळी तू सवयीने पुढे.
नव्या जाकिटाचा किमतीचा टॅग
तुझ्या कॉलरमागे लोंबत होता.
तो तोडायला मी धावत तुझ्या बरोबरीला आले
आणि मागे जायचं राहूनच गेलं.
फुटपाथ एवढा रुंद
की आपण दोघं, आणि मधे एखादं लहानसं भांडण,
तिघंही आरामात चाललो असतो.

चालताना तुझे ओठ हलतात,
हे मला माहीत नव्हतं.
काय मोजतोस, विचारलं,
तर म्हणालास, कॉफीचे रुपये.
साडेपाचशे.
दुसऱ्या दिवशी कळलं, होड्याही मोजतोस.

रस्त्यावर एक गाडी नाही, सायकल नाही,
तरी लाल सिग्नलला माणसं उभी.
"कोणाची वाट बघतायत?" म्हणालास
आणि हात मागे बांधून तूही उभा राहिलास,
मयताला उभं राहावं तसा.

एका दुकानाबाहेर, तसल्या थंडीत,
बाबागाडीत बाळ झोपलेलं. आई आत, काचेपलीकडे, हसत बोलत.
मला पुढे जाववेना.
ती बाहेर येईपर्यंत मी राखणीला थांबले.
तू काही बोलला नाहीस. गाडीच्या वाऱ्याच्या बाजूला
जाऊन उभा राहिलास.

बंदराच्या पाण्यात लोक पोहत होते.
तू उकिडवा बसलास,
बोट बुडवून जिभेला लावलंस.
"मीठ कमी आहे."
आपल्या खाडीत शेवटचा कधी उतरलास,
हे मी विचारलं नाही.
रात्री त्यांच्या काळ्या पावावर आपली सुकटीची चटणी.
वासाला लाजून खिडकी उघडी ठेवली
आणि एकाच पांघरुणात कुडकुडलो.

परत आलो.
जाऊबाईंनी विचारलं, काय काय बघितलंस?
राजवाडा सांगितला, सायकली सांगितल्या.
ओठांचं सांगितलं नाही.

सेक्टर बेचाळीसचा फुटपाथ तोच आहे.
विजेची पेटी, पपईवाल्याची हातगाडी,
कुणाची तरी आडवी स्कूटी,
गुलमोहराच्या मुळांनी उचललेले पेव्हर,
गटाराचं झाकण नसलेली ती जागा,
जिथे कुणीतरी फांदी खोचून ठेवली आहे.
एकामागून एकच जावं लागतं,
आणि तू पुढे असतोस.

पण हल्ली पेटी ओलांडलीस की थांबतोस.
वळून बघत नाहीस.
मोबाईल काढून काहीतरी वाचल्यासारखं करतोस,
चष्मा खिशातच असतो.
मी येते. चार पावलं आपण सोबत.
मग पपईवाला.

चारचौघांत मी तुला अहो म्हणते,
हे सगळं त्या 'अहो'त बसत नाही म्हणून इथे तू.

काल फ्लेमिंगो बघून येताना
तळ्यापासून घरापर्यंत मी मनात मोजलं:
शेजारी शेजारी पडलेली पावलं, एकशे बारा.
तू म्हणालास, काय गं, ओठ काय हलतायत?
म्हटलं,
पपईचे पैसे.