लिहायचं ज, म्हणायचं ख

अर्शियाबाई दुकानात आल्या तेव्हा
नागनाथकाका बाजेचे खूर खरादत होते.
बाईंच्या मोबाईलमध्ये एक नाच:
बाया-माणसं समोरासमोर, हात वर,
टाचा अशा उचलतात
जसं पायाखालचं खळं तापलंय.

"नाव काय याचं?"
"लिहितात जोता."
"जोतं तर उदगिरात बी हाय, कोर्टापुढं.
तारखा घेऊन बसतेत लोक."
"पण म्हणायचं खोता. लिहायचं ज, म्हणायचं ख."
"मग ज लिहायचंच कामून?"

बाई भुसा झटकून स्टुलावर बसल्या.
कुठून आला, नक्की कुणालाच ठाऊक नाही.
कुणी म्हणतं, जुन्या बोलीत उडीलाच असा शब्द होता.
कुणी म्हणतं, वलेन्सियातून हाकललेला एक गाणारा,
अबेन जोत, डोंगर ओलांडून आला
आणि ज्यांनी ठेवून घेतलं
त्यांच्या अंगणात नाचला.
"खरं नसेलही," बाई म्हणाल्या,
आणि ओढणी उगाच नीट केली.

आरागोनात उंच उडतात.
कास्तियात पाय जमीन सोडायला कचरतात.
तीन-तीनची चाल.
काकांनी ती पटाशीच्या मुठीनं
फळीवर केव्हाच धरली होती.

हातातल्या टाळ्यांना तिकडं
चेस्टनटच्या फळाचं नाव.
"ते झाड आपल्याकडं नाही."
"चिंच चालती."
"एका हातात नर, दुसऱ्यात मादी. मादी बारीक बोलते."
"ठाव हाय. संबळाचं बी तसंच."

निघता निघता बाई सहज बोलून गेल्या:
वलेन्सियाकडं पूर्वी लेकरू गेलं
की रात्रभर त्याच्या उशाशी
हाच नाच.
देवाघरी पोचलं म्हणून.

काकांनी खराद बंद केला नाही.
लाकूड तेवढं लावलेलं नव्हतं.
तो तसाच फिरत राहिला.

अकरा मुली होत्या.
पॉलिश मी केलं, म्हणून मला ठाऊक,
जोड्या बारा.
बाराव्या जोडीची भोकं एवढी बारीक
की गोफ गेला नाही,
शिवायचा दोरा ओवला.

स्नेहसंमेलनात ऐन नाचात लाईट गेली.
स्पीकर मेला, मुली थांबल्या नाहीत.
काळोखात नुसती चिंच वाजत होती,
आणि टाचा.
काका माझ्याशेजारी उभे,
एक हात खिशात.

मी जोड्या मोजत होतो.
अकरावर थांबता येईना.