चार हजार हर्ट्झपाशी

हेक्सहॅमच्या इस्पितळात, तळमजल्यावर
माझी खोली, सहा बाय सहाची, आतून स्पंज लावलेली.
माझं आडनाव कानडे. हा विनोद
अकरा वर्षांत इथे कुणाला कळलेला नाही.

सव्वादहाला मेजर जनरल फेनविक.
निवृत्त. वय एक्याऐंशी.
बूट असे, की त्यात छताची ट्यूबलाइट दिसावी.
"आवाज आला की बटण दाबा," मी म्हटलं.
त्यांनी ते हातात घेतलं
सही करून ताब्यात घेतलेल्या वस्तूसारखं.

मी आवाज सोडत गेले,
जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक.
काचेपलीकडे अंगठा थांबला.
कागदावर रेघ नीट चालत आली
आणि चार हजार हर्ट्झपाशी
विहिरीत पाय घसरावा तशी खाली गेली.
तोफेजवळ आयुष्य काढलेल्यांची अशीच जाते.
नाव वाचावं लागत नाही.

"गोंगाटात काम कधीपासून?" फॉर्मवर रकाना असतो.
पासष्ट साल, लेफ्टनंट. सॉल्झबरीचं माळरान,
कानात कापूस घालणाऱ्याला पोरं हसायची.
जर्मनीत सहा हिवाळे, रणगाड्याच्या पोटात.
बेलफास्ट, दोनदा.
मग दक्षिणेतलं ते बेट, जिथे वारा इतका
की तोफ उडाल्याचं फक्त तळपायांना कळायचं.
मग कर्नल. मग ब्रिगेडियर. मग टेबल,
मग त्याहून मोठं टेबल.
"तिथे कुणी ओरडत नसे," ते म्हणाले,
"तिथेच सगळ्यात कमी ऐकू यायचं."
रकाना भरला. मी समासात लिहू लागले.

मग, हवापाणी विचारावं इतक्या सहज:
"यावरून सांगता येतं का,
मी कोणत्या साली बहिरा झालो?"

का, हे मी विचारलं नव्हतं.
"एका चौकशीत सांगितलं होतं मी,
रेडिओवरची कॉर्पोरल ट्विडलची हाक मला ऐकू आली नाही.
त्यांनी मानलं. पुढच्या वसंतात बढती."
जरा थांबून,
"नसेलही आली. आता मलाच सांगता येत नाही."

आमच्या भाषेत म्हणतात, कानावर हात ठेवले.
तोफ उडताना ठेवतात ते वेगळे
आणि चौकशीत ठेवतात ते वेगळे,
शब्द मात्र तेच.
हे त्यांना इंग्रजीत कसं सांगणार.
"रेघेवर तारीख नसते," एवढंच म्हणाले.
त्यांनी मान हलवली,
सुटल्यासारखी की हुकल्यासारखी, कळलं नाही.

तीन आठवड्यांनी यंत्रं बसवली.
"हे काय?" दचकून.
तुमचीच कॉलर, मानेला घासतेय.
"आणि हे?"
ट्रॉली. कॉरिडॉरच्या त्या टोकाला.
"आणि हे, अगदी जवळचं?"
ते मी. श्वास घेतेय.

बॅटरीची पाकिटं दिली, तपकिरी स्टिकरची.
दर आठवड्याला बदलायची.
"नाही बदलली तर?"
काही नाही. पूर्वीसारखंच.
त्यांनी पाकिटं मोजली, दोनदा,
आणि आतल्या खिशात ठेवली.

माणूस दाराशी पोचला की मागून हळूच हाक मारायची,
ही माझी शेवटची चाचणी, कागदावर नसलेली.
"जनरल."
वळले नाहीत.
थांबले मात्र, दाराला एक हात लावून,
बराच वेळ,
मग गेले.